सात कच्च्या कॅसेटी

दुकानाच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीला मी आता कुलूप लावत नाही. छत्तीस वर्षं लावत होतो. आत सोनंनाणं नव्हतं. सात कॅसेटी होत्या, सातही एकाच कार्यक्रमाच्या. त्या कोणाच्या कानी पडू नयेत म्हणून मी एका दमात विकत घेऊन कोंडून ठेवल्या होत्या. आता त्या कोणीही ऐकाव्यात. एक तर सरकारी फायलीत जाऊन बसली आहे. हे लिहिताना मला मोकळं वाटतं आहे, आणि म्हणूनच लिहितो आहे. मनात कोंडलेलं असतं तोवर माणूस लिहीत नाही, नुसता चिडतो. माझं भरपूर चिडून झालं आहे.

माझा धंदा चिखलीत, जुन्या विजेच्या मोटारी आणि पाण्याचे पंप. जुनी मोटर घ्यायची, वाइंडिंग नवं करायचं, बेअरिंग बदलायचं आणि सहा महिन्यांच्या गॅरंटीवर विकायची. आमच्या घरी भाजीपाल्याची शेती होती. एकोणिसाव्या वर्षी मी सायकलवर वांगी लादून आठवडी बाजार करायचो. तिथून स्वतःच्या दुकानापर्यंत आलो तो कोणाच्या मेहेरबानीने नाही, घासाघीस करून. हा माणूस भावात सख्ख्या भावालाही सोडत नाही असं बाजारात म्हणतात, आणि ते खोटं नाही.

त्याच वयात मला खंजिरी भजनाचं वेड लागलं. गावात भजनाची स्पर्धा आहे असं कळलं की मी वांगी पडेल भावात काढून टाकायचो आणि सायकल तिकडे वळवायचो. भावाच्या बाबतीत मी केलेला अन्याय तेवढाच.

त्या काळी आमच्याकडच्या भजनी मंडळांच्या कॅसेटी कोणतीही कंपनी काढत नव्हती. त्या निघायच्या मंडपवाल्याकडून. चिखलीत असा एक मंडपवाला होता. तंबू, गाद्या, कर्णे, माईक, सगळं त्याचं. कार्यक्रम चालू असताना हा कर्ण्याच्या मशीनच्या मागे बसायचा आणि मशीनमधून एक वायर काढून खाली चादरीत झाकलेल्या टेपला जोडायचा. गाणाऱ्याला पत्ता नाही, गावाला पत्ता नाही. आठ दिवसांत त्याच्या दुकानात कॅसेट तयार.

कॅसेट दोन प्रकारची मिळायची. एक साफ आणि एक कच्ची. भजनाच्या मधेमधे माईकवर काय काय चालायचं, ते सांगायला पाहिजे. कोणी पाच रुपये बक्षीस दिलं की गाणं थांबवून त्याचं नाव पुकारायचं. कोणाची चप्पल हरवली, कोणाची बैलगाडी वाटेत उभी आहे, पंगत कधी बसणार, सगळं त्याच माईकवर. साफ कॅसेटमध्ये मंडपवाला हे सारं गाळून नुसती भजनं भरायचा. कच्चीत जे होतं ते तसंच. लोकांना साफ पाहिजे असायची. कोरी कॅसेट आपली आपण न्यायची, आणि तो भरून द्यायचा. मी कोरी कधीच विकत घेतली नाही. बाजारात सिनेमाच्या गाण्यांच्या खराब झालेल्या कॅसेटी चार आण्याला मिळायच्या. त्यांच्या पाठीवरच्या दोन खाचांत कागदाचा बोळा कोंबला की त्यांच्यावर पुन्हा भरता यायचं.

"साफ की कच्ची?" मंडपवाला विचारायचा.

"कच्ची. अन् चार रुपये."

"सहा हायेत बे."

"सहा गाण्याचे हायेत. मधात अर्धा घंटा तुहा माईकवाला बैलगाड्या बाजूले घ्यायले सांगून राह्यला. त्याचे बी मीच देऊ?"

"मंग साफ घे ना, दहाची."

"साफीत माल कमी अन् पैसे जास्त? असा कोणता धंदा हाये बापा?"

तो कपाळाला हात लावायचा आणि साडेचारला द्यायचा. पंधरा वर्षं मी त्याच्याकडून घेतल्या. तो गेला तोपर्यंत माझ्याकडे दोनशेच्या वर कॅसेटी झाल्या होत्या, आणि सगळ्या कच्च्या. मला माईकवरच्या बोलण्यात काही गोडी होती असं नाही. त्या स्वस्त होत्या.

या सगळ्यांत एक बाई मला सगळ्यांत जास्त आवडायची. रोहिणखेडच्या अलीकडचं तिचं गाव. महिला मंडळ होतं, आठ बायका, एकसारख्या हिरव्या काठाच्या साड्या, आणि मधे ही खंजिरी घेऊन उभी. बसून गायची नाही. नवरा पेटीवर. गावोगावची सुपारीही तोच घ्यायचा, म्हणून पत्रिकेवर नाव त्याचं छापून यायचं आणि खाली बारीक अक्षरात 'आणि संच'. गायची ती, संचात.

वरवट बकालच्या बाजूला एका गावात बायकांची भजन स्पर्धा होती. भर दुपारची. मी आदल्याच महिन्यात बाजारातून एक जुना टेप घेतला होता, गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधून नेला. मंडपवाल्याला पैसे देण्यापेक्षा आपणच भरून आणू, असा हिशोब. पहिल्या रांगेत बसलो आणि टेप मांडीवर ठेवून बटण दाबलं.

तिचं दुसरं भजन चालू होतं. ठेका थांबला. मला वाटलं बक्षीस आलं.

"थांबा बरं," ती माईकवर म्हणाली. "थो समोरचा. हिरव्या शर्टाचा. काऊन रे, आमी घसा फोडाव अन् तुनं पेटीत भरून घरी न्याव? कोनाले विचारलं तुनं? चोर हाये हा. उठवा त्याले पहिले, मंग मी गाईन."

सगळा मंडप हसला. दोन कार्यकर्ते आले. एकाने मला दंडाला धरून उठवलं, दुसऱ्याने टेपचं झाकण उघडून कॅसेट काढली आणि तिची फीत वाव वाव ओढून हवेत उडवली. पोरं ती फीत धरून पळाली. मी गोणपाट तिथेच टाकून सायकलवर बसलो.

मला राग कशाचा आला हे नीट सांगतो, कारण तो राग मी छत्तीस वर्षं बाळगला. मी चोरून भरत होतो, कबूल. पण तिच्या पाठीमागे दहा हातांवर मंडपवाला वायर लावून बसलेला होता, चादरीखाली त्याचा टेप फिरत होता, आणि त्याला कोणी काही म्हटलं नाही. चोरी त्याची, विकणारा तो, आणि चोर मी.

पुढच्या आठवड्यात चिखलीच्या बाजारात मंडपवाल्याच्या दुकानासमोर गर्दी. आत कॅसेट लावलेली. "थो समोरचा. हिरव्या शर्टाचा." लोक हसून हसून पोट धरत होते. या वेळी त्याने पदरच्या कोऱ्या घालून सात प्रती भरून ठेवल्या होत्या, सातही कच्च्या. साफ करायला घेतलीच नव्हती, कारण लोकांना पाहिजे होता तो नेमका कच्चा भाग. मी तो मागेल त्या भावाने सातही घेतल्या. मूळ कॅसेटवर त्याला माझ्यासमोर लग्नाची सनई भरायला लावली. एक पैसा कमी कर म्हटलं नाही. त्यानंतर आणि त्याआधी असं कधी झालं नाही.

पण उशीर झाला होता. बाजाराने माझं नाव टेपचोर ठेवलं होतं. पुढे मी मोटारीचा धंदा सुरू केला तेव्हा नवं गिऱ्हाईक विचारायचं, "टेपचोराचं दुकान कोन्तं?" चोराकडून जुनी मोटर कोण घेईल? पहिली तीन वर्षं मी सहा महिन्यांच्या जागी वर्षाची गॅरंटी देऊन माल विकला आहे. पुढे ते नाव नुसतं नाव उरलं, त्यातला चोर कोणाला आठवेना. मला आठवत होता.

तरी मी तिच्या कॅसेटी घेत राहिलो. एकही सोडली नाही. बायको म्हणायची, "जिनं भर मांडवात चोर म्हटलं, तिचंच पारायण करता रोज. लाज कशी नाही वाटत?" मी म्हणायचो, "सुरातून कधी घसरते थे पाहून राह्यलो." ती घसरली नाही.

मागच्या थंडीत एक दिवस दुपारी तिशीतली एक बाई दुकानात आली. अंगावर स्वेटर, हातात कापडी पिशवी. मोटारीकडे पाहिलंच नाही.

"टेपचोर भाऊ आपणच का?" तिने विचारलं, अगदी आदराने.

मी हातातला पाना आपटला. "कोनं सांगतलं हे नाव?"

ती घाबरली. "बुलढाण्यात मोबाईलच्या दुकानात... थे म्हणे चिखलीत टेपचोर भाऊपाशी सारं जुनं रेकॉर्डिंग हाये. माह्यं काही चुकलं का?"

ती त्या बाईची सून निघाली. तिने जे सांगितलं ते असं. म्हाताऱ्या कलावंतांना सरकारकडून मानधन मिळतं. सासूचा अर्ज भरला. पण ही बाई खरंच वर्षानुवर्षं गात होती याचा पुरावा जोडावा लागतो. पत्रिका आहेत, त्यांच्यावर सासऱ्यांचं नाव, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली. फोटो आहेत, त्यात एकसारख्या साडीतल्या आठ बायका. कचेरीतला बाबू म्हणाला, यातली कोणती? मोबाईलच्या दुकानातून गाणी भरून आणली, तर तो म्हणाला, आवाज कोणाचाही असेल, नाव कुठे आहे? गाऊन दाखवावं, तर दोन वर्षांपूर्वी घशाचं दुखणं झालं तेव्हा आवाज गेला तो गेलाच. अर्जाची मुदत संपायला दहा दिवस उरले होते.

"आत्याबाई म्हणते जाऊ दे," सून म्हणाली. "पण जेवत नाही बरोबर. म्हणते, मी गात होतो हे खोटंच होतं म्हणा की मंग."

मोबाईलमधली गाणी म्हणजे त्या जुन्या साफ कॅसेटींचीच पिल्लं. नाव पुकारलेलं असेल तर कच्चीत असेल. कच्च्या साऱ्या जिल्ह्यात माझ्याचकडे. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मी काय केलं? मी म्हणालो, "तुह्या सासूले सांग, सोता येजो. अन् आल्यावर पहिले माफी मागजो. कायची, थे तिले माहीत हाये."

सून गेल्यावर बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणाली, "पोरगी घाट चढून आली होती. पाणी तरी विचाराचं होतं."

चौथ्या दिवशी म्हातारी आली. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती मंडपात उभी होती आणि मी खाली होतो. आता ती माझ्या दुकानाची पायरी सुनेचा हात धरून चढत होती. खुर्चीवर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. आवाज फाटका, कागद चोळल्यासारखा.

"कायची माफी मांगू, बाबू?"

मी सांगितलं. गाव, दुपार, हिरवा शर्ट, कार्यकर्ते, फीत. सांगताना माझा आवाज चढला. समोरच्या दुकानातले दोघे बाहेर येऊन पाहू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मले नाही आठवत," ती म्हणाली. "गावागावात एखादा टेप घेऊन बसेच. किती जनाले उठवलं असंन मी. तू कोन्ता, थे कसं सांगू?"

मला वाटलं होतं ती नाकारेल, भांडेल. तिला मी आठवतच नव्हतो. इतकी वर्षं ज्या आगीला मी फुंकर घालत बसलो होतो तिचा दुसऱ्या टोकाला धूरही नव्हता.

"माफी नाही मांगत मी," ती पुढे म्हणाली. "चोरतच होता ना तू? तुमी टेप भरून नेत होते, अन् दुसऱ्या साली गाववाले म्हनत, बाईले कायले बोलावता, कॅसेट लावा. चाळीस गावाचे बारा गावं झाले आमचे."

"मी एक भरून नेली असती बाई! तुमच्या मांगं मंडपवाला वायर लावून बसला होता. हर कार्यक्रमात. थो इकत होता. त्याले कधी उठवलं?"

"मंडपवाला?" तिने सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थो तर मले बहीण म्हने. माह्या घरी जेवून जाय."

"चादरीखाली टेप राहे त्याचा."

"अन् तुले कसं माहीत?"

"मी त्याच्याचपासून घेत होतो."

"मंग तू चोर नाही," ती म्हणाली. "चोराचं गिऱ्हाईक हायेस. पंधरा वर्षं त्याचा धंदा तूच चालवला म्हना की."

मी ओरडायला तोंड उघडलंच होतं. पण तेवढ्यात बायको आतून चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "मावशी, माफीचं राहू द्या. दोनशे कॅसेटी हायेत. कोन्त्या लावायच्या सांगा, हे लावतात." आणि मी लावल्या.

टेप माझा जुनाच आहे, पण पट्टा मीच मोटारीच्या रबरातून कापून बसवलेला, म्हणून चालतो. आम्ही चौघं दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. गंमत अशी की त्या दिवशी गाण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. भजन लागलं की सून म्हणायची, पुढे घ्या. आम्हाला ऐकायची होती ती बडबड, जी गाळण्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजत होते. अमुक पाटलांकडून पाच रुपये. पिवळा शेला सापडला आहे, ज्याचा असेल त्याने खूण सांगून न्यावा. महिला मंडळाच्या बाईंना अकरा रुपये. प्रत्येक वेळी 'बाई', नाही तर 'मंडळाच्या ताई', नाही तर नवऱ्याचं नाव घेऊन 'यांच्या सौभाग्यवती'. बारा कॅसेटी ऐकल्या. तिचं स्वतःचं नाव एकातही नाही.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "पुरं नाव माईकवर एकदाच आलं माह्यं," ती म्हणाली. "वरवटाकडं बायकांची स्पर्धा होती. फारमावर गानारीचंच नाव लिहाचं होतं. पहिला नंबर आला, तवा पुकारलं. मले तेच आठवते त्या गावचं. चोर-बीर नाही आठवत."

सून माझ्याकडे पाहू लागली. बायकोही पाहू लागली. त्या पेटीत काय आहे हे बायकोला माहीत होतं.

"थे नाही माह्यापाशी," मी म्हणालो.

त्या दोघी उठल्या. जीपपर्यंत बायको पोहोचवायला गेली. परत आल्यावर ती सरळ भांडी घासायला बसली, आणि ते मला जड गेलं. बोलली असती तर मी भांडलो असतो.

मी खोटं का बोललो? त्या कॅसेटीत मी चोर आहे, म्हणून. ती कचेरीत वाजणार, बाबू ऐकणार, दहा लोक ऐकणार आणि हसणार. केस पांढरे झाले, दुकान झालं, पोरीचं लग्न झालं, आणि पुन्हा तोच हिरवा शर्ट. शिवाय मी ती कधी पुरती ऐकलीच नव्हती. बाजारात तेवढा भाग ऐकला आणि कोंडली. पुढे नाव पुकारलं आहे की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं? नसेलच, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही समजावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी माळ्यावर चढलो.

पहिली कॅसेट लावली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा. दुसरीची फीत ओलीने चिकटलेली, फिरेना. तिसरी फिरली आणि तटकन तुटली. तेव्हा मला खरी भीती वाटली. ऐकू नये म्हणून कोंडलेली वस्तू आता ऐकू येणारच नाही, ही भीती. चौथी मी हाताने, पेन्सिल घालून, सगळी पुढे आणि सगळी मागे फिरवून मोकळी केली आणि मग लावली.

लागली. स्वच्छ लागली. "थो समोरचा. हिरव्या शर्टाचा." मी बटणावर बोट ठेवून बसलो, पण दाबलं नाही. हसणं झालं. मग भजन पुन्हा सुरू झालं. ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण तेव्हा मी सायकलवर होतो. मग दुसरी मंडळं, मग बाजू उलटली, मग परीक्षकांचे आभार, आणि मग माईकवाल्याने घसा खाकरून प्रथम क्रमांक जाहीर केला. तिचं नाव. नवऱ्याचं नाव. आडनाव. गाव. तालुका. जिल्हा. टाळ्या.

बायको जिन्यात उभी राहून ऐकत होती. "लावा फोन," ती म्हणाली.

दोन दिवसांनी मी टेप, ती कॅसेट आणि तशाच मोकळ्या करून घेतलेल्या आणखी दोन प्रती घेऊन राजूर घाट उतरून मोताळ्याला गेलो. बाई आणि सून कचेरीत आधीच येऊन बसल्या होत्या. मी खोटं बोललो होतो हे सुनेला कळलं असणार, पण तिने विचारलं नाही. बाबूने आधी नावाचा भाग ऐकला. पेन खाली ठेवलं.

"नाव तर आहे," तो म्हणाला. "पण हे त्याच कार्यक्रमाचं कशावरून? आजकाल काहीही बनवता येतं. कार्यक्रमाला हजर असलेलं कोणी आहे?"

परीक्षक गेले. मंडपवाला गेला. मंडळातल्या दोघी आहेत, त्या घरच्याच मानल्या जातात. सून माझ्याकडे न पाहता पिशवीचा बंद पिळत होती.

"मी होतो," मी म्हणालो.

"तुमचं नाव आहे का यात कुठे?"

"नाव नाही. पहिली बाजू लावा. हिरव्या शर्टाचा एक चोर उठवला हाये, थो मी. चिखलीत कोनालेही फोन लावून विचारा टेपचोर कोण. छत्तीस वर्षं झाले या नावाले."

त्याने लावली. शेजारच्या टेबलावरचे दोघे, दाखल्यासाठी उभा असलेला एक माणूस, दारातला शिपाई, सगळ्यांनी ऐकली. मी खाली फरशीकडे पाहत उभा होतो. हसण्याची वाट पाहत होतो. हसला तो फक्त कॅसेटमधला मंडप.

बाबूने चष्मा वर केला. "चालते. साक्षीदार म्हणून लिहून द्या की आपण हजर होता आणि ही घटना आपल्यासमोर घडली. आधारची झेरॉक्स दोन लागतील."

एवढंच. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मला वाटलं तो आणखी काही म्हणेल. तो पुढच्या माणसाचा दाखला पाहू लागला होता. मी बाहेर झेरॉक्सच्या दुकानात गेलो तेव्हा माझे पाय इतके हलके झाले होते की पायरी चुकली.

परत येताना चहाच्या टपरीवर बसलो. बाईने चहा बशीत ओतला आणि फुंकर घालायची राहूनच गेली.

"लाव बरं पुन्हा," ती म्हणाली.

"नावाचं?"

"नाही. चोराचं."

मी टेप बाकावर ठेवून लावला. थांबा बरं. थो समोरचा. ती डोळे मिटून ऐकत होती. काऊन रे, आमी घसा फोडाव. तिचे ओठ हलत होते. उठवा त्याले पहिले. चहावाला हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत होता.

"काय आवाज होता माहा," ती आपल्या फाटक्या आवाजात म्हणाली. "रागातही फाटत नोहता. आयकलं का तुनं?"

"आयकलं."

"बरं झालं तू टेप घेऊन बसला. तू नसता तर हे कोनं भरून ठेवलं असतं?" मग तिने विचार केला. "नाही. मंडपवाल्यानंच भरलं हे. जाऊ दे." तिने माफी मागितली नाही, आणि माग असं मीही पुन्हा म्हटलं नाही. जीपमध्ये बसताना तिने माझ्याकडून उरलेल्या दोन चांगल्या प्रती मागून घेतल्या. मी विचारलं, काय देता? ती म्हणाली, "माह्याच आवाजाचे पैसे मले मांगतो का बे?" आणि दार ओढून घेतलं.

अडीच महिने गेले. त्या काळात मी दोनदा कचेरीत फोन केला आणि दोनदा बाबूवर ओरडलो. मग एका सकाळी मी मोटर उघडून बसलो होतो, हात ग्रीसने भरलेले, आणि बायकोने फोन माझ्या कानाला लावून धरला.

"भाऊ, यादी लागली," सून म्हणाली. "आत्याबाईचं नाव हाये."

मागून बाईचा आवाज आला, "कसं लिवलं थे वाच म्हना पहिले."

सुनेने वाचलं. बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. बाईने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग फोन ठेवायचं कोणालाच सुचलं नाही. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला, नळ सुरू झाला, कोणीतरी साखरेचा डबा कुठे आहे म्हणून विचारलं. बायको फोन धरून उभी होती. मी ग्रीसचे हात वर धरून ऐकत बसलो.